भिवंडीचा ताणा आणि वेल्सची तार : एका हरवलेल्या केल्टिक शब्दाचे कूळ

भिवंडीच्या यंत्रमागावर उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात. वेल्समध्ये हार्पच्या तारेला ‘तान्त’ म्हणतात. आयर्लंडमध्ये दोरीला किंवा वाद्याच्या तारेला ‘तेद’ असा शब्द आहे. हे तीनही शब्द एकाच घराण्यातले आहेत. मात्र ते एकमेकांपासून उसने घेतलेले नाहीत. आयरिश आणि वेल्श शब्दांचा पूर्वज असलेला आद्य-केल्टिक शब्द कुठेही लिहून ठेवलेला नाही. अभ्यासकांनी तो वंशजांवरून मागे जात उभा केला आहे. तो शब्द म्हणजे *तन्ता, अर्थ ‘तार, दोरी’. शब्दापुढची चांदणी ‘हे रूप प्रत्यक्ष सापडलेले नाही, अनुमानाने मांडले आहे’ असे सांगते.

हे अनुमान कसे करतात, *तन्ता हा शब्द कुठून आला, त्याचे वंशज कोणते आणि मराठीशी त्याचे नाते नेमके किती जवळचे आहे, हे या लेखात पाहू.

आद्य-केल्टिक म्हणजे काय?

आयरिश, स्कॉटिश गेलिक, मांक्स, वेल्श, कॉर्निश आणि ब्रेतों या आज माहीत असलेल्या केल्टिक भाषा. एकेकाळी या कुळाचा पसारा बराच मोठा होता. आजच्या फ्रान्समध्ये गॉलिश, स्पेनमध्ये केल्टिबेरियन आणि उत्तर इटलीच्या सरोवरांच्या प्रदेशात लेपोन्टिक बोलली जात असे. लेपोन्टिकचे शिलालेख इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंत मागे जातात. आयरिशचे सर्वांत जुने लेख ‘ओगम’ या रेघांच्या लिपीत दगडांवर कोरलेले आहेत.

या सगळ्या भाषांची मूळ भाषा म्हणजे आद्य-केल्टिक. तिचा एकही लेख उपलब्ध नाही. तिच्याही मागे आद्य-इंडो-युरोपीय भाषा आहे. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, रशियन आणि मराठी या सगळ्या तिच्याच शाखा-उपशाखांतल्या. तिचाही लेख नाही.

या नात्याचा उच्चार भारतातच झाला, ही बाब आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण दिले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे, असे त्यांनी त्यात मांडले. गॉथिक आणि केल्टिक यांचेही मूळ तेच असण्याची शक्यता त्याच भाषणात आहे. हा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. केल्टिकबद्दल जोन्स थोडे सावध होते, आणि त्यांच्यानंतरही बरीच वर्षे शंका राहिली. १८३१ मध्ये जेम्स कौल्स प्रिचर्ड यांनी आणि त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्झ बॉप यांनी केल्टिकचे इंडो-युरोपीय नाते पुराव्यानिशी मांडले. १८५३ मध्ये योहान कास्पार झॉइस यांचे केल्टिक व्याकरण आले आणि या अभ्यासाला भक्कम पाया मिळाला.

दोन वंशजांवरून पूर्वज कसा काढतात?

*तन्ता हा शब्द मुख्यतः दोन साक्षीदारांवर उभा आहे. प्राचीन आयरिशमध्ये ‘तेत्’ असे लिहीत आणि ‘तेद’ असे म्हणत. वेल्शमध्ये ‘तान्त’ आहे. दोन्हींचा अर्थ तार, विशेषतः वाद्याची तार. एका भाषेत ‘न’ आहे, दुसरीत नाही. मग मूळ शब्दात ‘न’ होता की नव्हता?

याचे उत्तर एका शब्दावरून देता येत नाही. तसाच फरक इतर शब्दांत दिसतो का, हे पाहावे लागते. तो दिसतो :

- शंभर : प्राचीन आयरिश ‘केत्’, वेल्श ‘कान्त’
- दात : प्राचीन आयरिश ‘देत्’, वेल्श ‘दान्त’
- तार : प्राचीन आयरिश ‘तेत्’, वेल्श ‘तान्त’

तीनही जोड्यांत फरक एकाच साच्यातला आहे. वेल्शमध्ये जिथे ‘अन्त’ आहे तिथे प्राचीन आयरिशमध्ये दीर्घ ‘एत्’ आहे. आता शंभर आणि दात या शब्दांना केल्टिकबाहेरचे साक्षीदार आहेत. लॅटिनमध्ये शंभराला ‘केंतुम्’ म्हणतात आणि दाताच्या शब्दातही ‘न’ आहे. म्हणजे ‘न’ मूळचा आहे. वेल्शने तो राखला, आयरिशने तो ‘त’च्या आधी गमावला आणि बदल्यात स्वर लांबवला. हा नियम एकदा बसला की तारेच्या शब्दाचे मूळ रूप *तन्ता असेच येते.

अशा प्रकारे नियम सापडणे हाच या शास्त्राचा कणा आहे. दोन शब्द सारखे दिसतात यावर नाते ठरत नाही. फरक नियमाने पडला आहे का, यावर ठरते.

‘ताणणे’ हे मूळ

*तन्ताच्या मागे आद्य-इंडो-युरोपीय *तेन् हा धातू आहे. अर्थ ताणणे, लांबवणे. संस्कृतमध्ये हा ‘तन्’ धातू झाला, कारण संस्कृतच्या शाखेत मूळचा ‘ए’ सरसकट ‘अ’ झाला. तार म्हणजे ताणलेली वस्तू, इतका साधा अर्थविकास आहे.

आता मराठी वाचकाला मोह होईल तो असा : वेल्श ‘तान्त’ म्हणजेच आपला ‘तंतू’. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो. पण ते खरे नाही. दोघांचा धातू एक असला तरी घडण वेगळी आहे, आणि दोघांतला ‘अन्’ वेगवेगळ्या वाटांनी आला आहे.

संस्कृत ‘तन्तु’मधला ‘अन्’ मूळच्या ‘एन्’पासून आला. केल्टिक *तन्तामधल्या ‘अन्’च्या जागी मात्र मुळात स्वरच नव्हता. तिथे ‘न्’ हाच अक्षराचा गाभा होता. हे समजायला ‘ऋ’ आठवावा. ‘कृत’ या शब्दात ‘र्’च स्वराचे काम करतो. आद्य-इंडो-युरोपीयमध्ये ‘न्’ आणि ‘म्’सुद्धा असे काम करत. अशा स्वरासारख्या ‘न्’चे पुढे वेगवेगळ्या भाषांत वेगवेगळे झाले :

- केल्टिकमध्ये ‘अन्’
- लॅटिनमध्ये ‘एन्’
- ग्रीक आणि संस्कृतमध्ये नुसता ‘अ’

‘ताणलेला’ या अर्थाचे मूळ विशेषण याच प्रकारचे होते. त्याचे ग्रीकमध्ये ‘ततोस्’, लॅटिनमध्ये ‘तेन्तुस्’ आणि संस्कृतमध्ये ‘तत’ झाले. केल्टिक *तन्ता हे त्याच विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप, नाम म्हणून वापरलेले. म्हणजे वेल्श ‘तान्त’चा संस्कृतमधला खरा जुळा ‘तन्तु’ नसून ‘तत’ आहे. दिसायला मात्र तो दूरचा वाटतो.

दाताच्या शब्दातही हीच गंमत आहे. संस्कृतमध्ये ‘दन्त्’ आणि ‘दत्’ अशी दोन्ही अंगे आहेत. वेल्श ‘दान्त’ हा दिसतो ‘दन्त’सारखा, पण त्याची घडण ‘दत्’ची आहे.

‘तत’ वाद्य आणि वेल्श हार्प

‘तत’ हा शब्द संगीताच्या विद्यार्थ्यांना परका नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग आहेत : तत, अवनद्ध, घन आणि सुषिर. अवनद्ध म्हणजे कातडे मढवलेली, घन म्हणजे धातूची किंवा ठोस अंगाची, सुषिर म्हणजे पोकळ, फुंकायची. तत म्हणजे ताणलेल्या तारांची वाद्ये. वीणा त्यात येते, सतार येते. मिरजेत शतकाहून अधिक काळ जी तंतुवाद्ये घडवली जातात ती सगळी ‘तत’ वर्गातली.

वेल्समध्ये ‘केर्द दान्त’ नावाची गायनपरंपरा आहे. हार्पवर एक चाल वाजत असते आणि गायक त्याच्याशी मेळ राखून वेगळ्या चालीवर कविता गातो. या नावातला ‘दान्त’ म्हणजे दात नव्हे. तो ‘तान्त’च आहे. वेल्शमध्ये आधीच्या शब्दाच्या प्रभावाने पुढच्या शब्दाचा पहिला ध्वनी बदलतो, म्हणून ‘त’चा ‘द’ झाला. नावाचा अर्थ साधारण ‘तारेचे गाणे’.

तर नाट्यशास्त्रातला ‘तत’ आणि वेल्श गायनातला ‘तान्त’ हे रूपाने सख्खे, आणि दोन्ही तारेच्या वाद्यांशी जोडलेले. एवढ्यावरून प्राचीन इंडो-युरोपीय लोकांकडे हार्प होती असे म्हणता येईल का? नाही. ‘ताणलेली’ या अर्थावरून ‘तार’ हा अर्थ येणे इतके सहज आहे की दोन शाखांत ते स्वतंत्रपणे घडू शकते. शब्दाचे रूप वारशाने आले हे सिद्ध होते, वाद्य वारशाने आले हे होत नाही.

भिवंडीतला ताणा

तन् धातूचा मराठीतला सर्वांत कष्टकरी वंशज पाहायचा तर ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडीत जावे. देशातल्या यंत्रमागाच्या मोठ्या केंद्रांपैकी हे एक. १८५७ च्या उठावानंतर वाराणसी, आझमगढ, अलाहाबाद या भागांतले मोमीन अन्सारी विणकर इथे येऊन स्थिरावले. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. आजच्या पद्मानगर भागात तेलुगू सहज ऐकू येते. स्थानिक मराठी, कोकणी मुसलमानांची बोली, उर्दू, भोजपुरी आणि तेलुगू अशा भाषा इथे एका गल्लीत नांदतात.

कापडाच्या कामाची सुरुवात ताण्यापासून होते. सुताचे शेकडो कोन मांडून त्यांचे धागे एकाच वेळी ओढून समांतर गुंडाळतात. सायझिंगमध्ये त्यांना खळ लावतात, म्हणजे मागावर घर्षण सोसताना ते तुटत नाहीत. मग बीम मागावर चढतो. मागावर ताण्याचे काही धागे वर उचलले जातात, काही खाली राहतात. मधल्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो, आणि फणी तो धागा ठोकून घट्ट बसवते. उभा तो ताणा, आडवा तो बाणा. सगळा खेळ उभ्या धाग्यांच्या ताणावर आहे. ताण ढिला पडला तर कापड बिघडते, जास्त झाला तर धागा तुटतो. ‘ताणा’ हे नाव कामाचेच वर्णन आहे.

एकाच शेडमध्ये मराठी माणूस ‘ताणा’ म्हणतो आणि उर्दू-हिंदी बोलणारा ‘ताना’. हा उच्चाराचा ढिसाळपणा नाही. संस्कृतमधला दोन स्वरांमधला एकेरी ‘न’ मराठीत ‘ण’ होतो, हिंदीत ‘न’ राहतो : पाणी आणि पानी, खणणे आणि खनना, जण आणि जन. ताणा आणि ताना ही त्याच रांगेतली जोडी.

तेलुगू विणकर मात्र ताण्याला ‘पडुगु’ आणि बाण्याला ‘पेक’ म्हणतो. हे द्राविडी शब्द आहेत आणि तन् धातूशी त्यांचा काही संबंध नाही. म्हणजे शेजारच्या मागावरचा शब्द पूर्णपणे परका, आणि हजारो किलोमीटर दूरच्या वेल्समधला शब्द नात्यातला. भाषेचे कूळ आणि माणसांचा शेजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही.

‘बाणा’चे मूळ वेगळे आहे. तो विणणे या अर्थाच्या संस्कृत ‘वा’ धातूकडे जातो, ज्याचे ‘वयति’ असे रूप होते. याच धातूचे ‘उत’ म्हणजे विणलेले. ‘आ’ आणि ‘प्र’ हे उपसर्ग लागून ‘ओत’ आणि ‘प्रोत’ झाले. उभे-आडवे विणलेले ते ओतप्रोत. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की हे सगळे विश्व कशात ओतप्रोत आहे, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे कापड आहे. आज ‘उत्साहाने ओतप्रोत’ म्हणताना आपल्याला ‘ओतणे’ आठवते. त्या क्रियापदाचा इथे संबंध नाही.

केल्टिक भाषांनी विणण्यासाठी तिसराच धातू घेतला. प्राचीन आयरिश ‘फिगिद्’ आणि वेल्श ‘ग्वेइ’ हे *वेग् या धातूपासून आले. इंग्रजी ‘वीव्ह’ आणि ‘वेब’ आणखी वेगळ्या *वेभ् धातूचे. संस्कृतमध्ये तो धातू कोळ्याच्या ‘ऊर्णवाभि’ या जुन्या नावात लपून राहिला आहे. ऊर्णवाभि म्हणजे लोकर विणणारा.

तन् धातूचे इतर वंशज

या धातूचा परिवार मराठीत इतका पसरला आहे की आपण तो रोज वापरतो आणि ओळखत नाही.

*तंत्र.* ऋग्वेदात ‘तंत्र’ म्हणजे माग किंवा त्यावरचा ताणा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले १३० वे सूक्त यज्ञाची कल्पना विणकामाच्या रूपात मांडते. माग म्हणजे चौकट, त्यावरून रचना, पद्धत, शास्त्र असा अर्थ वाढत गेला. पंचतंत्र, तांत्रिक, तंत्रज्ञान हे त्यातूनच आले. ‘स्वतंत्र’ म्हणजे स्वतःच्या तंत्राने चालणारा. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द मागे मागे नेला तर मागापाशी पोहोचतो.

*तांत.* पिंजाऱ्याच्या कमानीला लावलेली आतड्याची दोरी. बंगालीत याच घराण्यातला ‘तांत’ म्हणजे हातमाग. बंगालच्या तांत साड्यांचे नाव तिथूनच आले, आणि पूर्व भारतातल्या विणकर समाजाचे ‘तांती’ हे नावही.

*सतत, संतत, संतान, संतती.* न तुटता ताणत गेलेले ते सतत. पिढ्यांचा न तुटलेला धागा ती संतती. ‘सतत’मध्ये तोच ‘तत’ आहे, जो वेल्श ‘तान्त’चा जुळा.

*तान.* गायकाने लांबवलेला, पसरलेला स्वरसमूह. तंबोरा मात्र या घरातला नाही. तो फारसी ‘तंबूर’कडून आला.

*तनु.* ताणली की वस्तू पातळ होते. संस्कृत ‘तनु’, लॅटिन ‘तेनुइस’, इंग्रजी ‘थिन’, प्राचीन आयरिश ‘तनए’, वेल्श ‘तेनाइ’. सगळ्यांचा अर्थ पातळ. इंग्रजीत ‘त’चा ‘थ’ झाला, कारण जर्मानिक शाखेत तो नियमच आहे. ‘त्रि’ आणि ‘थ्री’ यांतही तो दिसतो.

*टेन्शन, टोन, टेटॅनस.* पहिला लॅटिनमधून, पुढचे दोन ग्रीकमधून इंग्रजीत आले. ‘कामाचा ताण’ आणि ‘कामाचं टेन्शन’ हे शब्द हजारो वर्षांनी एकाच मराठी वाक्यात पुन्हा भेटले आहेत. टेटॅनस म्हणजे स्नायू ताठ ताणले जाणे. मराठीत आपण त्याला धनुर्वात म्हणतो, ताणलेल्या धनुष्याच्या उपमेवरून.

मग संस्कृत केल्टिकची आई का नाही?

असे साम्य दाखवले की एक निष्कर्ष लगेच काढला जातो : म्हणजे आयरिश आणि वेल्श संस्कृतातून निघाल्या. वरचाच पुरावा याच्या विरुद्ध जातो. संस्कृत ‘तत’मध्ये ‘न’ उरलेला नाही. वेल्श ‘तान्त’ त्यापासून निघाला असता तर त्यात ‘न’ कुठून आला असता? ‘शतम्’मध्ये ‘न’ नाही, वेल्श ‘कान्त’मध्ये आहे. संस्कृतने जे गमावले ते केल्टिकने राखले. उलट मूळचा ‘प’ केल्टिकने गमावला आणि संस्कृतने राखला : आपला ‘पितृ’, लॅटिन ‘पातेर’, पण आयरिश ‘अहिर’. दोघीही कुणा तिसरीच्या मुली असल्याशिवाय हे चित्र जुळत नाही.

कुठलीही व्युत्पत्ती वाचताना तीन प्रश्न विचारले तर फसगत टळते. ध्वनींतला फरक इतर शब्दांतही तसाच दिसतो का? अर्थ कसा बदलला हे मधल्या पायऱ्यांनिशी सांगता येते का? आणि शब्द वारशाने आला की उसना घेतला, हे तपासले आहे का? मराठीसाठी हे काम करणारी साधने उपलब्ध आहेत. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रथम आला. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश १९४६ चा. राल्फ टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश १९६० च्या दशकात पूर्ण झाला. आद्य-केल्टिकसाठी रांको मातासोविच यांचा २००९ चा व्युत्पत्तिकोश आहे.

शब्द कुठे टिकतात?

भिवंडीत साध्या यंत्रमागांची जागा आता काही ठिकाणी रॅपियर आणि एअरजेट माग घेत आहेत. या मागांना धोटा लागत नाही. आडवा धागा पट्टीने ओढून किंवा हवेच्या झोताने फेकला जातो. धोटा गेला की त्यात बसणारी कांडी जाते, आणि कांडी भरण्याचे कामही जाते. ते काम करणाऱ्यांच्या तोंडचे शब्द मग कोशातच उरतात, तेही कुणी वेळेवर टिपले असतील तर. मराठी, उर्दू आणि तेलुगू विणकरांचे शब्द शेजारी शेजारी ऐकता येतील अशी गावे फार नाहीत, म्हणून इथली नोंद आताच व्हायला हवी.

‘ताणा’ला मात्र तूर्त धोका दिसत नाही. माग हाताचा असो, विजेचा असो की हवेच्या झोताचा, उभे धागे ताणल्याशिवाय कापड होत नाही. शब्द ज्या कामाला चिकटलेला असतो ते काम टिकले की तो टिकतो. आयरिश आणि वेल्श भाषकांनी *तन्ता टिकवला तो वाद्याच्या तारेत आणि दोरीत. आपण तोच धातू टिकवला मागावर.